अक्षता उगवत नाहीत

केसरीनाथ भोईरांचे व्याही गाडीच्या आत होते, गाडीची किल्ली केसरीनाथांच्या हातात होती, आणि तरीही दार उघडत नव्हते.

सोमवारी सकाळी साडेदहाला, पूर्णा गावातल्या गोदामांच्या रांगेसमोर हे घडले. शुक्रवारी केसरीनाथांच्या उन्नतीचे लग्न होते. मुलाचे वडील अनंता तरे मांडवाची बोलणी करायला कशेळीहून आले होते, आणि केसरीनाथांनी त्यांना आपल्या गाडीतून एक फेरी मारायला नेले होते. गाडी सतरा वर्षांची, काळी, जर्मन. पहिले गोदाम भाड्याने गेले त्या वर्षी केसरीनाथांनी ती ठाण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली. घरात तिला नुसते 'जर्मन' म्हणत. परतताना केसरीनाथ शहाळी घ्यायला दोन मिनिटे खाली उतरले, तेवढ्यात चारही दारांतून एकदम 'खट्' असा आवाज आला. पाठोपाठ डिसेंबरच्या कोरड्या उन्हात वायपर फिरू लागले. मग हॉर्न वाजायला लागला, थोड्या थोड्या वेळाने, थकलेल्या माणसाच्या उचकीसारखा.

"याही, आतलं हँडल वढा!" केसरीनाथ काचेला तोंड लावून ओरडले.

"वढलाय!" आतून अनंता ओरडले. "चार येला वढलाय! हातात येल आता!"

पाऊण तासात गाडीभोवती वीसेक ट्रकवाले, हमाल आणि दोन शाळकरी मुली जमल्या. कुणी म्हणाले, काच फोडा. कुणी म्हणाले, वरून आवाज देत राहा, म्हणजे माणूस आत घाबरत नाही. अनंतांनी घाम पुसायला काढलेला रुमाल पाहून एक हमाल म्हणाला, "देखो, सेठ इशारा कर रहा है।" शेवटी घरून स्कूटरवर उन्नती आली. तिने गर्दीकडे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिले आणि फोन लावला.

"मॅडम, उन्नती भोईर बोलतेय. टी. वाय. फिजिक्स, दोन हजार एकोणीस. सासरे आमच्या जुन्या जर्मन गाडीत लॉक झालेत. आतलं हँडल चालत नाही."

पलीकडून एक सावकाश, स्पष्ट आवाज म्हणाला, "बाहेरून कुलूप लागलं की या गाड्यांचं आतलं हँडल मुद्दामच बंद होतं. चोराने काच फोडली तरी दार उघडू नये म्हणून. किल्लीच्या पाठीमागे एक बारीक खटका असेल. तो सरकवून ओढ. आतून साधी लोखंडी किल्ली निघेल. भोक ड्रायव्हरच्या दाराला आहे, हँडलच्या खाली."

किल्ली निघाली. दार उघडले. हॉर्न मात्र चालूच राहिला. केसरीनाथ त्या पातळ लोखंडी किल्लीकडे पाहत राहिले. इतकी वर्षे ती त्यांच्या खिशात होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

अनंता बाहेर आले, शर्ट झटकला, शहाळे एका दमात संपवले आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय, याही. फक्त एक इचारतो. शुक्रवारी पोरीला आमच्याकडं पाठवायचीय, का आतच ठेवायचीय?"

ट्रकवाले हसले. केसरीनाथांचे कान लाल झाले.

"आमची नवीन गाडी पाठवतो मी," अनंता समजुतीने म्हणाले. "तीत असला काय न्हाय."

"उन्नती याच गाडीतनं जाईल," केसरीनाथ म्हणाले. आवाज गोदामाच्या पत्र्यावर आदळून परत आला. "साखरपुड्याला शब्द दिलाय. ही गाडी मांडवातनं निंगाली न्हाय, तर मी डोक्याला फेटा बांधनार न्हाय. पोरीच्या लग्नात उघड्या डोक्यानं उभा ऱ्हाईन!"

अनंतांनी मान हलवली. "फेटा सांगून ठेवा. आन आमची गाडीबी सांगून ठेवतो."

जर्मनचे दुखणे महिनाभराचे होते. पडघ्याचा चांगदेव मेकॅनिक तिच्यावर उपचार करत होता. चांगदेवची पद्धत सरळ होती. जे ओरडेल ते बदलायचे. बॅटरी रोज सकाळी मेलेली सापडायची, म्हणून त्याने बॅटरी बदलली. पुन्हा मेली, पुन्हा बदलली. हॉर्न आपोआप वाजला, हॉर्न बदलला. वायपर फिरले, वायपरची मोटर बदलली. आता तो म्हणत होता की गाडीचा 'कॉम्प्युटर' गेला आणि तो मिळायला तीन आठवडे लागतील.

"तीन आठवडे?" चंद्रा, केसरीनाथांची बायको, म्हणाली. "तवर तर पोर माहेरपनाला येल."

मंगळवारी नऊ वाजता उन्नतीच्या मॅडम, विद्युल्लताबाई गुप्ते, रिक्षाने आल्या. भिवंडीतल्या एका महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर भावाची बावीस वर्षांची गाडी गॅरेजवाल्यांनी भंगारात काढली, तेव्हा बाईंनी सहा महिने खपून ती चालू केली, आणि तेव्हापासून त्यांना तो नाद लागला. त्या कमी बोलत. त्यांच्या पिशवीत एक मल्टिमीटर, एक टॉर्च, स्पिरिटची बाटली आणि चौकटीच्या कागदाची वही होती. वहीत चार रकाने आखलेले असत: लक्षणे, दोष, कारण, उपाय.

चांगदेव हात बांधून उभा होता. "म्याडम, पाच फॉल्ट आहेत. बॅटरी, लॉक, वायपर, हॉर्न, आणि आतून वास. मी सगळे पाहिलेत."

"एका गाडीत एकदम पाच दोष क्वचितच असतात," बाई म्हणाल्या. "एक दोष असतो. तो पाच ठिकाणी बोलतो."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली. चाकांच्या वरच्या खोबणीत बोट घातले. बोटाला काळपट, चिकट चिखल लागला. त्यांनी तो हुंगला आणि वहीत काहीतरी लिहिले.

"गाडी पाण्यातून नेली होती?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाले.

"पावसात काच उघडी राहिली?"

"म्याडम, आमच्याकडं पयला देव्हारा, मग ही. आन दीड महिना पाऊस कुठं हाय?"

"धुता कधी?"

"रोज!" केसरीनाथांना हा प्रश्न आवडला. "पायपानं. जोरात पानी. मीच धुतो, कोनाला हात लावू देत न्हाय."

"रोज का?"

केसरीनाथ खाकरले. "धूळ. गोदामाची."

विद्युल्लताबाईंनी गोदामाच्या रस्त्याकडे पाहिले. तो काँक्रीटचा होता. त्यांनी वहीत अजून एक ओळ लिहिली.

पहिली तपासणी सोपी होती, पण लग्नघरात अशक्य होती. बाईंना पाहायचे होते की गाडी बंद असताना बॅटरीतून वीज किती जाते. त्यासाठी मीटर जोडायचा, गाडीला कुलूप लावायचे आणि चाळीस मिनिटे कुणीही हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात आतली सगळी यंत्रे एकेक करून झोपतात. मधेच कुणी दार उघडले की सगळी पुन्हा जागी होतात.

पंधराव्या मिनिटाला चंद्राने मागच्या सीटवर राहिलेली पत्रिकांची पिशवी काढायला दार उघडले. बाईंनी घड्याळ शून्यावर आणले. बाविसाव्या मिनिटाला चांगदेवने स्वतःचा पाना आत राहिला म्हणून दार उघडले. पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी एकतीस मिनिटे झाली, तेव्हा मांडववाल्याने जर्मनच्या बाजूला बांबू टेकवला आणि गाडीला वाटले चोर आला. हॉर्न वाजला. गल्लीतली सगळी कुत्री उत्तर देऊ लागली.

मग केसरीनाथांनी मांडवाचा सुतळीदोर घेऊन गाडीभोवती बांधला, पुढ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि स्वतः पहाऱ्याला बसले. लग्नाला आलेला प्रत्येक पाहुणा विचारी, "गाडी बांधून का ठेवलीय?" आणि केसरीनाथ म्हणत, "झोपवतोय."

या वेळात चंद्राने बाईंना चहा दिला आणि बाजूला बसली. तिच्या मनात काहीतरी होते.

"बाई, उद्या घाना हाय. उखळात भात कांडायचा. आमच्या घरात आजवर घरच्या शेतातलाच भात घेतला. माझ्या लग्नात घेतला, नंदांच्या लग्नात घेतला. आता उन्नतीला दुकानातला आनला." तिने गोदामांच्या रांगेकडे बोट केले. "तिथं आमचा राता पिकायचा. लाल भात. खाऱ्या पान्यातबी उभा ऱ्हायचा."

"सोड ना तो ईषय," केसरीनाथ खुर्चीतूनच म्हणाले. "शेतीत काय होता? चिखल. आठ वर्सांपूर्वी मी पाय धुतले ते धुतले. आपून आता लॉजिस्टिक्समधी हाव."

चंद्राने कपबशी उचलली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले, पण ते काय होते हे बाईंना त्या वेळी कळले नाही.

चाळीस मिनिटे झाली. बाईंनी मीटर वाचला.

"पन्नास मिलिअँपिअरच्या आत हवं होतं. नऊशे वीस आहे. गाडी झोपतच नाहीये."

"लग्नघरात कोन झोपतंय?" चंद्रा म्हणाली.

पुढचे काम शांतपणे झाले. बाईंनी बॉनेटजवळच्या डबीतला एकेक फ्यूज मीटरने तपासला. कुठून वीज गळतेय ते शोधले. एका फ्यूजपाशी आकडा उडाला. तो फ्यूज ज्या खोक्याला वीज देतो, तेच खोके कुलपे सांभाळते, वायपर सांभाळते आणि हॉर्नही. पाच आवाजांचा मालक सापडला होता.

"हे खोकं डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोर, पायाखाली आहे," बाई म्हणाल्या. "कार्पेट उचलावं लागेल."

"नको," केसरीनाथ म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"म्हंजे… ओरिजिनल कार्पेट हाय. जर्मनीचा. एकदा उचलला का परत तसा बसत न्हाय."

"मी बसवीन," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला स्क्रू काढला.

कार्पेटखालचा जाड फोम इतका भिजला होता की चांगदेवने दाबताच त्याच्या चपलेवर पाणी आले. खोके त्या पाण्यात निम्मे बुडाले होते. आणि फोमच्या कडेने, खोक्याभोवती, दाट रांगेत काहीतरी उभे होते. बोटभर उंच, फिकट, पिवळट पांढरे, हजारो पाती एकाच दिशेला वाकलेली. दाराच्या फटीतून जेवढा उजेड येत होता, त्या दिशेला.

चांगदेवने कपाळाला हात लावला. "आयला. गवत उगवलं."

"गवत नाही," बाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी एक रोप हलकेच उपटले. मुळाला टरफल चिकटलेले होते. "भात. अंधारात उगवलाय, म्हणून रंग नाही."

"हां, बरोबर!" चांगदेवला एकदम सगळे कळले. "साखरपुड्याला नवरा-नवरी सनरूफमधनं उभे होते ना? लोकांनी वरनं अक्षता टाकल्या. त्या आत पडल्या, उगवल्या. खल्लास."

"तेच!" केसरीनाथ जरा जास्तच जोरात म्हणाले. "अक्षता! शुभ झाला. देवानंच उगवला."

"अक्षता उगवत नाहीत," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

त्या वर्गात बोलत तशा बोलत होत्या, रोपाकडे पाहत. "अक्षता म्हणजे कांडलेला तांदूळ. कांडताना टोकाचा अंकुर निघून जातो. तो पेरला तर कुजतो, उगवत नाही. हा टरफलासकट आहे. म्हणजे भात होता."

"चिमनीनं आनला आसंल," केसरीनाथ म्हणाले.

"कार्पेटच्या खाली?"

"उंदीर."

"उंदीर साठवून ठेवेल, पण अंकुर आधी कुरतडेल. इथे एकही दाणा कुरतडलेला नाही."

"मंग दुकानातल्या गोनीतनं सांडला आसंल. चंद्रानं घान्यासाठी आनलाय ना?"

"मी परवा रिक्षानं आनला," चंद्रा म्हणाली.

बाई अजून रोपाकडेच पाहत होत्या. "आणि हा जुनाही नाही. या दमट हवेत साधा ठेवलेला भात वर्ष-दोन वर्षांत उगवायची ताकद घालवतो. हा इतका दाट उगवलाय, म्हणजे याच हंगामात कापलेला. म्हणजे गेल्या जून-जुलैत कोणीतरी तो…"

त्यांनी मान वर केली आणि केसरीनाथांचा चेहरा पाहिला. तासभरापूर्वी खुर्चीत बसून राज्य करणारा माणूस आता कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा उभा होता. बाईंना चाकावरच्या खोबणीतला काळा चिखल आठवला, त्याचा खाडीचा वास आठवला, आणि काँक्रीटचा रस्ता असूनही रोज गाडी धुणारा माणूस आठवला. सिद्धता पूर्ण झाली होती. फक्त शेवटची ओळ फळ्यावर लिहायची बाकी होती.

एकतीस वर्षांत त्यांनी कधी शेवटची ओळ सोडली नव्हती.

"…असो," त्या म्हणाल्या. "भात महत्त्वाचा नाही. पाणी कुठून आलं ते महत्त्वाचं."

केसरीनाथांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जसे कोणी बुडताना दोराकडे पाहते. पण दोर फार लांब नव्हता.

बाईंनी सनरूफ उघडायला लावले. त्याच्या चौकटीला चारही कोपऱ्यांत बारीक भोके असतात. छतावर पडलेले पाणी त्यांतून नळ्यांत जाते आणि नळ्यांतून खाली रस्त्यावर. त्यांनी उन्नतीकडून स्टीलचा पेला मागवला आणि उजव्या कोपऱ्यात एक पेला पाणी ओतले. ते चाकामागून जमिनीवर आले. डाव्या कोपऱ्यात ओतले. जमीन कोरडी राहिली. दहा सेकंदांनी पाणी आतून, डॅशबोर्डच्या बाजूने, कार्पेटच्या जागी टपटपू लागले.

"नळी तुंबलीय. रोज पाइपने गाडी धुतली, रोज पाणी आत गेलं. दुसरा दोष नाही."

पाहुणे आता पहाऱ्याच्या दोरापर्यंत आले होते. बाईंनी गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी मागवली, तिचे टोक गोल केले आणि ती नळीत वरून हळूहळू सरकवली. एके ठिकाणी ती अडली. बाईंनी पीळ दिला, जरा ओढली, पुन्हा सारली. चाकामागून आधी घाण पाणी आले, मग पेंढ्याचे तुकडे, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, अख्खी, दांड्यासकट, एक ओंबी जमिनीवर पडली.

ओंबीवर काही बोलता येत नाही. चिमणी ओंबी गाडीच्या नळीत घालत नाही.

चंद्रा पुढे आली. तिने ती ओली ओंबी उचलली, पदराला पुसली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारून फोल उडवले. एक दाणा दाताखाली धरला. लालसर कणी तिच्या बोटावर आली.

"राता," ती म्हणाली.

मांडवाचे बांबू ठोकणाऱ्यानेही हातोडा थांबवला.

"आपला राता," चंद्रा म्हणाली.

केसरीनाथ इकडेतिकडे पाहू लागले. कुठेच वाट नव्हती. त्यांनीच बांधलेला दोर चारही बाजूंना होता.

"गोदामाच्या भिंतीमागं, खाडीकडं," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "उरलेली पट्टी हाय ना, कंपनीनं घेतली न्हाय ती. चार गुंठे. बी एका मावशीकडं अजून होता. म्हटला बगू. मंग पिकला. मंग दुसऱ्या वर्सीबी पिकला. भारे डिकीत मावत न्हायत, म्हनून सनरूफ उघडून उभे केले. चिखल दिसू नये म्हनून रोज धुवायचो." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले. "सगल्या गावाला सांगितला होता ना, पाय धुतले म्हनून."

"आन मना काय सांगायचात?" चंद्राने विचारले.

"मीटिंग."

"व्हय. मीटिंग." चंद्राने कमरेवर हात ठेवले. "मीटिंगला मान्स गमबूट घालून जातात?"

उन्नतीने तोंडावर ओढणी धरली.

"तुला ठावूक होता?"

"पयल्या वर्सापासून. पडघ्याच्या बाजारातनं आनला म्हनून जो तांदूळ घरात आनायचात, त्याचा भात मी शिजवला न्हाय? चाळीस वर्सं शिजवतेय. आन चार गुंठे न्हायत ते. पाच हायत. मी मोजलेत."

"तू तिथं गेलीस?"

"न जाऊन कसा चालंल? तन कोनी काढला तुमचा?"

केसरीनाथांचे तोंड उघडे राहिले. "मना वाटला… खाऱ्या जमिनीत तन येत न्हाय."

"येतंय. ढीगभर येतंय. तुमी मंगलवारी 'मीटिंग'ला जायचात, मी बुधवारी जायची. रिक्षानं."

"मंग बोलली का न्हायस?"

चंद्राने ओंबी पदराच्या टोकात बांधली. "तुमी पाय धुतले बोललात ना. म्हटला, धुवू दे. परत मलले का कलंलच." मग तिने सगळ्या पाहुण्यांच्या देखत, उद्याची भाजी ठरवावी तशा आवाजात विचारले, "सुका भात कवरा हाय? घान्याला दोन पायली लागंल."

"डिकीत हाय. चटईखाली. दोन गोनी."

"मंग काढा ना! का त्याबी उगवायची वाट बगताव?"

दुकानातला भात त्या दिवशी कोंबड्यांना गेला.

दुरुस्ती बुधवारी झाली. बाईंनी खोके उघडले. आतल्या पितळी टोकांवर हिरवट पांढरा थर जमला होता. तो त्यांनी मऊ ब्रशने आणि स्पिरिटने एकेक टोक करून साफ केला. चांगदेव शेजारी उकिडवा बसून पाहत होता. त्याचा जुना तोरा गेला होता, पण सल्ला द्यायची सवय गेली नव्हती.

"म्याडम, आता रात्रभर तांदळात घालून ठेवू. मोबाइल भिजला की लोक तसंच करतात."

"तांदळाने काही होत नाही. ऊन आणि पंखा."

"आन आदीच भातानं बिघडवलाय," उखळावरून चंद्रा म्हणाली. "परत भातातच कशाला निजवायचा?"

फोमची गादी आणि जर्मनीचे ओरिजिनल कार्पेट मांडवाच्या बांबूंवर वाळत पडले, एका बाजूला मानाच्या साड्या आणि दुसऱ्या बाजूला फेट्याचे कापड. उखळात मुसळ पडत होते, बायका गात होत्या, आणि दर थोड्या वेळाने केसरीनाथ येऊन कार्पेटला हात लावून पाहत होते. उपटलेली रोपे त्यांनी टाकून दिली नव्हती. एका जुन्या घमेल्यात चिखल घेऊन ती त्यांनी लावली होती, आणि घमेले उन्हात, बॉनेटच्या शेजारी ठेवले होते. संध्याकाळपर्यंत त्यातली काही हिरवी व्हायला लागली.

गुरुवारी बाईंनी मीटर पुन्हा जोडला. दोर पुन्हा बांधला गेला. या वेळी चंद्रा पहाऱ्याला बसली, म्हणून पहिल्याच प्रयत्नात चाळीस मिनिटे पूर्ण झाली.

"अठ्ठावीस," बाई म्हणाल्या. "झोपली."

त्यांनी वही उघडली. 'लक्षणे' भरली. 'दोष'च्या रकान्यात लिहिले: सनरूफची डावी नळी तुंबलेली, खोक्यात पाणी. 'उपाय' भरला. 'कारण'च्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. त्यांनी केसरीनाथांकडे पाहिले, मग तो रकाना तसाच सोडून वही मिटली.

शुक्रवारी जर्मन मांडवातून निघाली. सनरूफ बंद होते. उन्नतीने तशी अटच घातली होती. केसरीनाथांचा फेटा इतका उंच होता की त्यांना गाडीत बसता येईना, म्हणून ते चालतच वेशीपर्यंत गेले. अनंतांची नवीन गाडी, रिकामी, मागून येत होती. अनंता स्वतः जर्मनमध्ये बसले होते, आणि कशेळीपर्यंतच्या रस्त्यावर दर सिग्नलला आतले हँडल हळूच ओढून पाहत होते. प्रत्येक वेळी दार उघडत होते. तिसऱ्या वेळी उन्नती सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही पडाल."

जूनच्या पहिल्या आठवड्यात विद्युल्लताबाईंचा फोन वाजला.

"म्याडम, भोईर बोलतोय. नवीन फॉल्ट झाला. टिंग टिंग आवाज येतोय. थांबतच न्हाय. चांगदेव म्हनतोय कॉम्प्युटर गेला."

"डॅशबोर्डवर कुठलं चिन्ह दिसतंय? पट्टा लावलेल्या माणसाचं?"

"व्हय! लाल."

"पुढच्या डाव्या सीटवर कोण बसलंय?"

"कोन न्हाय."

"मग काय आहे?" बाईंनी विचारले.

केसरीनाथ आवाज उतरवून म्हणाले, "बियान्याची गोन."

"सीटखाली वजन कळतं. गाडीला वाटतंय माणूस बसलाय. गोणीला बेल्ट लावा."

खुडबुड झाली. 'खट्' आवाज आला. टिंग टिंग थांबले.

"थांबला!" केसरीनाथ म्हणाले. "म्याडम, तुमी म्हंजे…"

"चंद्राबाई बरोबर नाहीत का?"

"हाय की. मागं बसलीय."

"मग गोण मागे आणि त्या पुढे, असं का नाही बसवलं?"

मागून चंद्राचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "बाई, पुढं गमबूट घालायला जागा न्हाय!"

फोन ठेवल्यावर विद्युल्लताबाईंनी कपाटातून डिसेंबरची वही काढली. पूर्ण्याचे पान शोधले. 'कारण'चा रकाना अजून मोकळा होता. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले आणि त्यात नीट, लहान अक्षरात लिहिले: शेती.

मग 'उपाय'च्या रकान्यात, आधीच्या मजकुराखाली, एक ओळ वाढवली.

गरज नाही. पुढच्या सीटवर बेल्ट लावावा.